तळवलीच्या मांडवावरचं कापड

रेवा आणि कबीर, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, त्या क्लिपमध्ये तू एवढी चिडली का आहेस?" ती क्लिप तुमच्या कॅलगरीपर्यंत कशी पोहोचली, मला ठाऊक नाही. तुमच्या आईनेच पाठवली असणार. तिच्यात मी निळ्या पडद्यासमोर उभी आहे, चष्मा नाकावर घसरलाय, आणि मी म्हणतेय, "ताडपत्री सोडा. कापड उतरवा. भिजलात तर भिजाल, पण कापड उतरवा." तुमची आई हसली. कबीरला वाटलं मी कुणाला तरी रागावतेय.

मी रागावले नव्हते, घाबरले होते. कॅमेऱ्यासमोर घाबरलेलं माणूस चिडल्यासारखं दिसतं, हे मलाही ती क्लिप पाहूनच कळलं.

आमच्या नोडमधल्या, म्हणजे नवी मुंबईतल्या आमच्या भागातल्या, दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतले अनुभव लिहून मागितले, तेव्हा मी आधी हवामान कार्यालयातल्या वर्षांबद्दल लिहायला बसले. पानभर लिहिलं आणि वाचून पाहिलं तर तो खात्याचा वार्षिक अहवाल झाला होता. म्हणून ते बाजूला ठेवलं. निवृत्तीनंतर मी जे काम शिकले त्याच्याबद्दल लिहितेय, आणि तुम्हाला उद्देशून लिहितेय, म्हणजे सरळ लिहिलं जाईल. संपादकांनी समजून घ्यावं.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, पुढे फिजिक्स घेतलं आणि मग हवामानाच्या सरकारी नोकरीत नकाशे, आकडे आणि अंदाज यांच्यात आयुष्य गेलं. अंदाज आम्ही इंग्रजीत लिहायचो. त्यातला प्रत्येक शब्द ठरलेला असायचा. किती भागात पाऊस पडला म्हणजे कोणता शब्द, किती पडला म्हणजे कोणता, याचा तक्ता होता आणि त्याच्या बाहेर जायचं नाही, अशी शिस्त होती. मला ती शिस्त आवडायची. संध्याकाळी टेबल आवरताना आपण सगळं बरोबर शब्दांत सांगितलंय, याचं समाधान असायचं. ते पुढे कुणी वाचतं का, वाचून काय करतं, हे पाहायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. आता वाटतं, एकदा तरी यायला हवी होती.

ती वेळ आणली मनालीने. मनाली घणसोली गावातली. वडिलांच्या इमारतीत तळमजल्यावर, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत ती एक छोटं चॅनल चालवते. पाणी कधी येणार, कुठला रस्ता बंद, कुठल्या गावात जत्रा, अशा बातम्या. केबलवरही दिसतं आणि फोनवरही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी एकदा उद्याच्या पावसाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्या फिरत फिरत तिच्यापर्यंत गेल्या आणि ती थेट घरी आली.

"काकू, रोज सकाळी दोन मिनिटं बोलाल का? फक्त आपल्या भागाचं. ऐरोली ते बेलापूर."

"मी अंदाज काढत नाही आता. तो सरकारी कार्यालयातून येतो."

"तुम्ही काढू नका. तुम्ही समजवा."

मला ते सोपं वाटलं. पहिल्या दिवशी मी व्यवस्थित कागदावर लिहून नेलं आणि खणखणीत आवाजात वाचलं. "उत्तर कोकणात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता आहे." मनालीने कॅमेरा थांबवला.

"काकू, तुरळक ठिकाणी म्हणजे कुठं?"

"कुठेही. थोड्याच जागी, पण कुठल्या ते सांगता येत नाही."

"घणसोलीत?"

"असू शकेल."

"कोपरखैरण्यात?"

"तिथेही असू शकेल."

"मग काकू, ऐकणारा प्रत्येक माणूस असंच समजणार की तुरळक म्हणजे शेजाऱ्याकडे!"

मी वाद घातला नाही, कारण मलाच आठवलं की मीही सोसायटीतल्या पाणीकपातीची नोटीस वाचून तसंच समजते.

दुसरी अडचण नकाशाची. तुम्हाला टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईमागे जो नकाशा दिसतो, तो तिथे नसतोच. तिथे नुसतं निळं कापड असतं. बोलणारी समोरच्या छोट्या पडद्यात पाहून हात हलवते, आणि त्या पडद्यात सगळं आरशाच्या उलट दिसतं, उजवा हात डावीकडे. मी पनवेलकडे बोट दाखवायला गेले की माझा हात समुद्रात जायचा. "काकू, पनवेल बुडवलंत परत," असं मनाली म्हणायची आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात करायचो. रेकॉर्डिंगच्या वेळी आवाज येतो म्हणून पंखाही बंद. एप्रिल महिन्यात त्या खोलीत घामाने निथळत "आज उकाडा जाणवेल" असं सांगताना अभिनय करावा लागत नसे.

फोनवर तर सगळं दिसतं, मग आजी कशाला, असं रेवाने विचारलं होतं. फोनमधलं ते ढगाचं चित्र खोटं नसतं, पण ते मोठ्या चौकोनाचं गणित असतं. आपली नवी मुंबई म्हणजे एक पट्टी आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर. उन्हाळ्यात दुपारनंतर घाटावर, कर्जत-मुरबाडच्या बाजूला ढग उभे राहतात आणि कधीकधी पश्चिमेला आपल्याकडे सरकतात. ते डोंगराअलीकडे येतात की पलीकडेच संपतात, यावर आपल्याकडे वादळ की नुसतं मळभ हे ठरतं. हे आदल्या दिवशी कुणीच नेमकं सांगू शकत नाही. रडारचं चित्र मात्र तासाभरापुरतं सांगू शकतं. रडार म्हणजे काय, तर एक यंत्र चारी दिशांना लहरी सोडतं, त्या ढगातल्या पाण्यावर आपटून परत येतात, आणि जिथून जास्त परत येतात तिथे पडद्यावर लाल रंग दिसतो. माझं काम एवढंच: कार्यालयाचा अंदाज वाचायचा, रडार पाहायचं, आणि ऐरोली ते बेलापूर राहणाऱ्या माणसाने आज काय करावं ते त्याच्या शब्दांत सांगायचं.

माणसाच्या शब्दांत सांगणं किती कठीण, हे एका टर्फवाल्याने मला शिकवलं. तो रात्रीच्या क्रिकेट मॅचेस भरवायचा. मी एका संध्याकाळसाठी पावसाची शक्यता चाळीस टक्के सांगितली होती. मॅच धुऊन गेली आणि त्याचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही चाळीस टक्के बोललात!"

"हो, बोलले."

"मग? चाळीस टक्के म्हणजे पाऊस पास की नापास? पस्तीसला तर पास होतात ना!"

मी त्याला समजावलं की असे दहा दिवस आले तर त्यातल्या चार दिवशी पाऊस पडतो, पण आजचा दिवस त्या चारांतला की सहांतला ते ठाऊक नसतं. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे तुम्हाला पण माहीत नाही. मग सरळ तसं बोला ना मॅडम, आपण समजून घेऊ." त्या दिवसापासून मी टक्के सांगणं बंद केलं. 'नक्की माहीत नाही' हे वाक्य मात्र कॅमेऱ्यासमोर बोलायला मला बरेच महिने लागले.

आमच्याच लिफ्टमध्ये वेगळी परीक्षा असायची. वरच्या मजल्यावरच्या परांजपे बाई गच्चीत पापड वाळत घालण्याआधी मला विचारायच्या आणि वाळले नाहीत तर ते पापड मला दाखवायला आणायच्या. ऊन होतं, पाऊस नव्हता, पण हवेत दमटपणा होता. ते मी सांगितलं नव्हतं. कार्यालयात असताना चूक झाली तर ती सगळ्या कार्यालयाची असायची. इथे ती माझ्या दारात ताटलीत यायची. मला रोज दुपारी खिडकीपाशी जाऊन डोंगराकडे पाहायची सवय लागली. आजोबा म्हणायचे, "तुझा अंदाज सांगून झालाय. आता तो ढग काय तुला विचारून येणार आहे?" पण मी पाहत राहायचे.

आता त्या क्लिपकडे येते.

मनालीचे मामा जनार्दन पाटील तळवलीला राहतात. तळवली म्हणजे घणसोलीच्या शेजारचं मूळ गाव. मे महिन्यात मामांच्या मुलीचं, दर्शनाचं लग्न होतं. इथल्या आगरी घरांत लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद लग्नाहून मोठी असते. सगळं गाव, सगळे नातेवाईक, बेंजोवाल्यांचा बँड, नाच, जेवणं. घरात एवढी माणसं मावत नाहीत, म्हणून शाळेजवळच्या मैदानात लोखंडी पाइपांचा मोठा मांडव घातला होता. वर कापडाचं छत, बाजूंना पडदे, एका टोकाला नवरा-नवरीच्या सोफ्याचं स्टेज.

हळदीच्या दोन दिवस आधी मामा स्टुडिओत आले. उंच माणूस, पांढरा सदरा, बोलणं मोठ्याने.

"मॅडम, हलदीला पाऊस हाय का नाय?"

"शक्यता आहे. दुपारनंतर घाटावरून ढग येतील. पण ते तळवलीपर्यंत पोहोचतीलच असं..."

"मनाली बोलली तुमी सरकारी हापिसात होताव. पर मना सरकारी उत्तर नको."

मनाली हसली. मीही हसले, आणि सोपं करून सांगायचं म्हणून दोनच शब्द म्हणाले, "तयारी ठेवा."

"झाला! ठेवतू तयारी," असं म्हणून ते निघून गेले. आपण बरं समजावलं, असं मला वाटलं.

हळदीच्या सकाळी मी नेहमीसारखं बुलेटिन केलं. दुपारनंतर विजा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा. याच क्रमाने. कार्यालयाचा अंदाज त्याच क्रमाने यायचा आणि मला तो क्रम इतका अंगवळणी पडला होता की तो बदलायचं सुचलंच नाही.

दुपारी मी दुसऱ्या दिवसाची तयारी करायला स्टुडिओत होते. रडारवर कर्जतच्या वर लाल ठिपके वाढत होते. मनाली हळदीला जायला नटून आली होती आणि तिकडून आलेला व्हिडिओ मला दाखवत होती. मैदान, बायकांचे पिवळे पदर, नाचणारी मुलं. मधेच कुणीतरी फोन वर केला आणि छत दिसलं.

"हे निळं काय आहे?"

"ताडपत्री. मामांनी काल मुद्दाम आणून पूर्ण मांडवावर बांधून घेतली. तुम्ही बोललात ना तयारी ठेवा. आता थेंब नाही येणार आत."

मी खुर्चीतून उठलेच.

का, ते सांगते. वादळी ढगातून पाऊस खाली येतो, त्याच्याबरोबर थंड जड हवाही खाली कोसळते. न्हाणीघराच्या फरशीवर बादली उपडी केली की पाणी जसं चारी बाजूंना धावतं, तशी ती हवा जमिनीवर आपटून पसरते. हा वारा पावसाच्या आधी येतो. पुष्कळदा पाऊस तिकडेच राहतो आणि नुसता वारा येतो. साध्या कापडातून तो थोडाफार निघून जातो. ताडपत्रीतून काहीच जात नाही. चारी कोपरे घट्ट बांधलेली ताडपत्री म्हणजे शीड. आणि त्या मैदानात पेव्हर ब्लॉक होते, खड्डा खणता येत नव्हता, त्यामुळे पाइप नुसते वाळू भरलेल्या पिंपांत उभे होते. मामांनी पावसासाठी जी तयारी केली होती, तिनेच मांडव वाऱ्याच्या तोंडी दिला होता. आणि ती माझ्या दोन शब्दांवर केली होती.

मी मामांना फोन लावला. बेंजोच्या आवाजात तो कोण उचलणार? मनालीनेही लावला. मग मी तिला म्हटलं, "कॅमेरा लाव." त्या दिवशी आपल्या पट्टीत आणखी किती मांडव असतील, हे मला ठाऊक नव्हतं. मी कागदाशिवाय बोलले. तीच ती क्लिप. ती सोडली आणि आम्ही रिक्षाने तळवली गाठली.

मैदानात शिरलो तेव्हा मामा आमच्याच दिशेने येत होते.

"मॅडम, काय केलाव तुमी? पावने फोन करून इचारतान, हलद हाय का रद्द झाली!"

"रद्द नाही मामा. फक्त ताडपत्री आणि कापड काढा, आणि माणसं बाजूच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये न्या. तासभर."

"उभा मांडव उतरवू? पोरीचे हलदीला? अपशकुन करायला लावताव मना?"

मांडववाला डेकोरेटरही आला. "मॅडम, आपला मंडप आजपर्यंत पडला नाही. दहा माणसं लटकू देत."

"तुमचा मंडप चांगलाच आहे. तुम्ही आधी कधी पूर्ण छतावर ताडपत्री बांधली होती का?"

त्याने वर ताडपत्रीकडे पाहिलं. मामा आकाशाकडे पाहत होते. आमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन होतं. माझ्या हातातल्या फोनवर ढग बदलापूरच्या अलीकडे आला होता. त्या छताखाली लहान मुलं धावत होती, म्हाताऱ्या बायका खुर्च्यांवर बसल्या होत्या, आणि मधे पाटावर दर्शना पिवळी साडी नेसून बसली होती. मला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडून उपयोग नाही हेही दिसत होतं.

"मामा, ताडपत्री का बांधलीत?"

"तुमीच बोललाव."

"माझ्या शब्दावर बांधलीत ना? मग माझ्याच शब्दावर सोडा."

ते अडखळले. पण मागे उभे असलेले दोन-तीन वडीलधारे माना हलवत होते आणि एक जण म्हणाला, "मांडवाला हात लावायचा नाय." तेव्हा हिराबाई पुढे आल्या. हिराबाई म्हणजे धवलारीण. आगरी लग्नात धवले गाऊन विधी पुरे करणारी बाई. त्यांच्या शब्दाला तिथे भटजींच्या बरोबरीचा मान असतो.

"मांडव कुठं हाय रं जना?" त्यांनी विचारलं.

"ह्यो काय समोर."

"मुहूर्तमेढ कुठं रोवलीस?"

"घराचे दारात."

"मंग मांडव दारात हाय. ह्यो भाड्याचा. भाड्याच्याला कसला आलाय शकुन-अपशकुन? चल पोरी, उठ. पाट उचला गो तिचा."

आणि त्या गातच चालू लागल्या. नवरीमागे बायका, बायकांमागे पोरं, सगळे पार्किंगमध्ये. डेकोरेटरची माणसं शिव्या घालत वर चढली. ताडपत्री उतरली, मग कापड उतरलं. नुसते पाइप उरले.

आम्ही वाट पाहू लागलो. पार्किंगमध्ये छत बुटकं, बेंजोचा आवाज भिंतींवरून परत येऊन कान फोडत होता, आणि गाड्यांच्या मधल्या जागेत दर्शनाला हळद लागली. मी बाहेर उभी राहून एकदा फोनकडे, एकदा डोंगराकडे पाहत होते. लाल रंग डोंगरापर्यंत आला. मग त्याचा पिवळा झाला. पिवळ्याचा हिरवा झाला. ढग पारसिकच्या पलीकडेच विरला. आमच्याकडे एक गार झुळूक आली, तिने दोन कागदी ग्लास आडवे झाले, आणि संपलं.

"मॅडम," मामा म्हणाले, "ह्यो वारा होता? मना वाटला पार्किंगचा पंखा लावला कोनी."

डेकोरेटर तर म्हणाला, "मॅडम, कूलर आणू का? तुमचा अंदाज तरी खरा होऊ दे!" सगळे हसले. मनालीही खाली पाहून हसली. कुणी वाईट बोललं नाही. मला जेवायला वाढलं, पण मामा माझ्याकडे न बघता दुसऱ्या पंगतीकडे गेले. त्यांच्या लेकीची हळद गाड्यांमध्ये झाली होती.

दुसऱ्या सकाळी क्लिपखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. मनालीने विचारलं, "काकू, आज स्किप करूया का?"

मी तिला रडार आणि कार्यालयाचा अंदाज दाखवला. चित्र तंतोतंत कालचंच होतं. आणि त्याच मैदानात संध्याकाळी, गोरज मुहूर्तावर दर्शनाचं लग्न होतं. डेकोरेटरने सकाळीच कापड परत बांधलं होतं, ताडपत्री सोडून.

मला काल वाटली त्याहून जास्त भीती आज वाटत होती. काल लोक माझं ऐकत होते. आज परत तेच सांगायचं आणि परत वारा आला नाही, तर पुढचा अख्खा पावसाळा माझं कोण ऐकणार? आणि न सांगावं, तर? आजोबांना फोन केला. ते म्हणाले, "तुला काय दिसतंय ते सांग. लोकांना काय वाटेल ते दिसत नाहीये ना तुझ्या रडारवर?"

मी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. "काल मी तळवलीत मांडवाचं कापड उतरवायला लावलं. वारा आला नाही. ढग डोंगरापलीकडे विरला. तो विरेल हे मला आधी कळलं नव्हतं, आणि आजही कळणार नाही. आज पुन्हा तसेच ढग होणार आहेत. पावसाचं नंतर सांगते, आधी वाऱ्याचं ऐका. दुपारनंतर मांडवावर कापड ठेवू नका. होर्डिंगखाली उभे राहू नका. नक्की येईल का, मला माहीत नाही. आला तर सावरायला वेळ देणार नाही." मनालीने पहिल्यांदाच एकाही ठिकाणी थांबवलं नाही.

दुपारी ढग उभे राहिले. ते बदलापूरवर आले तेव्हा तिथे राहणाऱ्या माझ्या जुन्या सहकारी बाईंचा फोन आला. "अगं, दारं आपटतायत, कुंड्या गेल्या. पाऊस नाही." मी लगेच मामांना फोन लावला. बराच वेळ वाजला. काय बोलायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते. विनंती करायची, की मनालीला पुढे करायचं? फोन उचलला गेला. मागे लोखंडावर लोखंड वाजल्याचा आवाज येत होता.

"मामा, ऐका..."

"बोलू नका मॅडम. कापड खाली हाय."

"कुणी सांगितलं?"

"कोनी म्हंजे? सकाली तुमीच ना! काल पोरांना येळ लागला. आज सराव झालाय, पटापट उतरवला."

मी जुळवलेली सगळी वाक्यं सोडून दिली.

"माणसं कुठे आहेत?"

"शालेचे वऱ्हांड्यात. तुमी पन या. पर क्लिपमधी माजा नाव घेऊ नका आता, पावने लय हसतान."

आम्ही पोहोचलो तेव्हा पारसिकच्या वरची हवा मातकट दिसत होती. शाळेच्या वऱ्हांड्यात सगळं वऱ्हाड दाटीवाटीने उभं होतं. नवरीच्या मुंडावळ्या बांधून झाल्या होत्या. आणि मग तो आला. आधी रस्त्यावरची धूळ उठली, मग मैदानातल्या खुर्च्या एकामागून एक लोळत गेल्या. नुसते पाइप शिट्टीसारखे वाजायला लागले. बायकांनी पदर तोंडावर धरले, पोरं किंचाळली. स्टेजच्या बाजूचा एक पाइप पिंपासकट हलला, कलला आणि आडवा होऊन नवरा-नवरीच्या सोफ्यावर पडला. सोफ्याची पाठ मोडल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला.

बाकीचे पाइप उभे राहिले. त्यांच्यावर वाऱ्याला धरायला काही नव्हतं, तो मधून निघून गेला.

थोड्या वेळात सगळं थांबलं. मामा त्या सोफ्याकडे पाहत होते. मग त्यांनी दर्शनाकडे पाहिलं, ती त्यांच्या शेजारीच उभी होती, तिचा दंड त्यांनी इतका घट्ट धरला होता की ती म्हणाली, "बाबा, बांगड्या फुटतील."

पाऊस आला नाही. एक थेंबही नाही. मैदान झाडून घेतलं, मोडका सोफा आणि पाइप बाजूला ओढले, आणि उघड्या आकाशाखाली अंतरपाट धरला. उरलेला वारा अजून मधून मधून येत होता. पहिल्या मंगलाष्टकेला फेकलेल्या अक्षता सगळ्या बेंजोवाल्यांच्या डोक्यावर गेल्या, तेव्हा पुढच्या वेळी लोकांनी वाऱ्याचा अंदाज घेऊन फेकल्या.

जेवणाच्या पंगती बसताना मामा माझ्यापाशी आले. डेकोरेटर मागेच होता, घडी केलेल्या कापडाच्या ढिगावर हात ठेवून, ते परत चढवायचं का विचारायला.

"मॅडम, उद्या इथंच पूजा हाय. उद्याचा काय?"

रडार मी नुकतंच पाहिलं होतं. त्यात उद्याबद्दल काही नव्हतं.

"उद्याचं आत्ता नाही सांगता येणार मामा. मला माहीत नाही. सकाळी बघून सांगते."

त्यांनी मान डोलावली. मग डेकोरेटरकडे वळून म्हणाले, "ऱ्हाऊ दे कापड खालीच. सकाली मॅडमला इचारून बांधू."